ओठ ओढून दाखवायचं नाही!

बडबड्या बाईला दहा दिवस गप्प बसवलं तर काय होतं? किस्से साचतात! पोटात मावत नाहीत आणि बाहेर पडायला तोंड तर शिवलेलं. उगंच म्हणत नाही, खरंच शिवलेलं होतं. खालच्या ओठाच्या आत, पुढच्या दाताखाली, सहा टाके. आता बोलायची मोकळीक मिळालीय, तर ऐकून घ्या.

मी निर्मला. औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावर जिना चढून गेलं की आमचं क्लिनिक. नसरीन मॅडम हिरड्यांच्या डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली मी, सतरा वर्षं झाली. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही, पण कुणाकुणाला सांगत बसू? मॅडम ऑपरेशन करतात, मी सक्शनची नळी धरते. ऑपरेशन झालं की पेशंटला समोर बसवून काय करायचं अन् काय नाही, हे सांगायचं काम माझं. सतरा वर्षं तेच तेच सांगतेय आणि सतरा वर्षांत कुणी धड ऐकलेलं नाही.

आमच्याकडं हिरडीचं ग्राफ्ट होतं. म्हणजे असं, की हिरडी उतरली, दाताचं मूळ उघडं पडलं, तर टाळूचं पातळ कातडं काढायचं आणि तिथं शिवायचं. पेशंट लोक त्याला ठिगळ म्हणतात. मॅडमना राग येतो, पण ठिगळच आहे ते. भूल दिलेली असते, त्यामुळं करताना काही कळत नाही. तासाभराचं काम. नंतर दुखतं ते हिरडीपेक्षा टाळूला जास्त, गरम चहानं भाजावं तसं. दोन-चार दिवस गाल सुजतो. बाहेरून बर्फ लावायचा, मऊ आणि गार खायचं, त्या जागी ब्रश लावायचा नाही, जोरात चूळ भरायची नाही, तंबाखूचं तर नावच काढायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी तीनतीनदा सांगते: ओठ ओढून बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही! ओठ ओढला की कातडं हलतं. हललं की धरत नाही. धरलं नाही की संपलं.

आता आपल्याकडं माणूस आजारी पडला की भेटायला जायचं असतं. भेटायला गेलं की बघायचं असतं. ‘दाखव बरं!’ पाय मोडला तर प्लास्टर दाखवायचं, अपेंडिक्स काढलं तर सदरा वर करायचा. नाही दाखवलं तर येणाऱ्याला वाटतं, हिला खरंच काही झालंय का नुसतंच नाटक आहे? ह्या ‘दाखव बरं’नं आमची जितकी ठिगळं मारली, तितकी तंबाखूनंसुद्धा मारली नाहीत.

दहा-बारा दिवसांनी पेशंट टाके काढायला येतो. मॅडम दिवा जवळ घेतात, आरसा आत घालतात. सगळं नीट असलं तर ‘माशाल्ला’ म्हणतात आणि कामाला लागतात. कातडं सुटलेलं दिसलं तर थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मग एकच विचारतात, “कुणाला दाखवलं होतं?”

आणि पेशंट, न चुकता: “नाही ओ मॅडम! कुणालाच नाही!”

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

तर ह्या पावसाळ्यात माझ्याच खालच्या पुढच्या दाताचं मूळ उघडं पडलं. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, “निर्मला, तुला मी खोटं सांगणार नाही. ग्राफ्ट धरलं तर दात राहील. नाही धरलं तर जाईल, आणि शेजारचाही त्याच वाटेवर आहे.” माझं वय त्रेचाळीस. माझ्या मायचे पुढचे दात ह्याच वयात गेले. तेव्हापासून ती तोंडाला पदर लावूनच हसते. मला तसं हसायचं नव्हतं, एवढंच माझं मागणं होतं.

माझं काय झालं ते शेवटी सांगते. आधी बाकीच्यांचं ऐका, म्हणजे मी त्या खुर्चीत काय काय डोक्यात घेऊन बसले ते कळेल.

*

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. बायकोला घेऊन आले. मॅडमनी टाळूतून कातडं काढायचं सांगितलं तर उभेच राहिले.

“माझ्या टाळूतून? का म्हणून? हिचं घ्या! हिची टाळू चांगली मजबूत आहे, दिवसभर चालूच असते.”

मॅडमनी शांतपणे समजावलं, की सर, दुसऱ्याचं नको, स्वतःचंच लागतं. तर मागं बाकावर बसलेल्या बाई पिशवी मांडीवर ठेवून म्हणाल्या, “घ्या हो डॉक्टर, घ्या! चाळीस वर्षांत ह्यांनी सगळं घेतलं. एवढी टाळूच तेवढी राहिली होती!”

मला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या.

ऑपरेशन सरांचंच झालं. मी नियम सांगितले. सर म्हणाले, मी छत्तीस वर्षं शाळा चालवली आहे, मला शिस्त शिकवू नका. म्हटलं, देवा, एक तरी माणूस भेटला!

बाराव्या दिवशी आले. मॅडमनी दिवा घेतला, आरसा घातला आणि गप्प झाल्या. अर्धं कातडं लोंबत होतं.

“सर, कुणाला दाखवलं होतं?”

“नाही ओ मॅडम! कुणालाच नाही!”

मागून बाई म्हणाल्या, “कुणालाच नाही. फक्त बागेत.”

रोज सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सर ह्या ऑपरेशनची माहिती देत होते, प्रात्यक्षिकासह. बारा दिवस! कुणी उशिरा आला तर त्याच्यासाठी पहिल्यापासून.

*

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या पेशंटचं काय घेऊन बसलीस. तर मॅडमच्या सख्ख्या फुप्पूचं ऐका.

फुप्पू म्हणजे मॅडमच्या वडलांच्या बहीण. घरात तीस माणसं, आणि सगळ्यांवर त्यांचा शब्द. मॅडमनी स्वतःच्या हातानं ग्राफ्ट केलं आणि घरी जाऊन सगळ्यांना दम दिला, की कुणीही फुप्पूच्या तोंडाकडं बघायचं नाही. फुप्पूंनी कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, नको, मला तुमच्यावर भरवसा आहे.

आठवडा झाला आणि फुप्पू सुजलेला ओठ घेऊन जिना चढून आल्या. दोन टाके तुटलेले.

“फुप्पू! किसको दिखाए?”

“किसीको नई दिखाई मैं. तू बोली ना, दिखाना नक्को. तो नई दिखाई. फोटू भेजी!”

थोरला मुलगा सौदीला. त्याला यायला जमत नाही. मग त्याला फोटो पाठवायला नको का? पहिल्या फोटोत अंधार आला. दुसऱ्यात सुनेचं बोट आलं. तिसऱ्यात दात दिसले पण ठिगळ दिसेना. मग गच्चीवर नेऊन उन्हात ओठ खाली धरून काढले. किती वेळा काढले ते मी विचारलं नाही. फुप्पूंनी मला तो फोटो दाखवला आणि म्हणाल्या, “कैसा साफ आया, देख!”

साफ आला होता, हे खरं आहे.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि हातमोजे न काढताच कपाळाला हात लावला. “निर्मला, क्या करूं मैं इनका?” मी काय सांगणार? मलाच कळलं असतं तर मी सतरा वर्षं हे केलं असतं का?

*

मग मी ठरवलं, की नुसतं नको म्हणून भागत नाही. पटेल असं सांगायला पाहिजे.

माझं माहेर पिशोरचं. तिथले रंगनाथभाऊ पेशंट म्हणून आले, आल्याची शेती करणारे. मी त्यांना खास त्यांच्या भाषेत सांगितलं. “भाऊ, रोप लावलं तर मूळ धरलं का म्हणून रोज उपटून बघता का?”

“नाय बा! येडा हाय का मी?”

“मग हे टाळूचं कातडं म्हणजे रोपच समजा. लावलंय. आता त्याला हात लावायचा नाही.”

भाऊंचा चेहरा उजळला. “असं सांगा की ताई! आता समजलं मला.” मॅडमनी आतून माझ्याकडं बघून मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खाली जाऊन दोन चहा सांगितले.

चौथ्या दिवशी भाऊ हजर. तोंडातून रक्त. ठिगळावर आम्ही गुलाबी लुकणासारखा पॅक बसवतो, तो सगळा धुऊन गेलेला, आणि कातडं एका टाक्यावर लटकलेलं.

“भाऊ, ओठ ओढलात?”

“नाय ताई! मायची आन. हातबी लावला नाय.”

“मग चूळ भरलीत का जोरात?”

“आता रोप म्हणलं की पाणी नको व्हय? तासातासाला गुळण्या मारल्या, चांगल्या खळखळून. आन् कीड नको म्हणून जरा हळदबी टाकली.”

मी भिंतीला टेकले. भाऊंना माझी दया आली असावी. विचारात पडले आणि हळूच म्हणाले, “मंग ठिबकवर ठिवायचं व्हतं का ताई?”

*

खाण्याचं तर बोलूच नका.

बँकेतले एक साहेब. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी टाळू लालभडक करून आले. म्हटलं, साहेब, काय खाल्लंत? तर म्हणाले, तुम्ही सांगितलं तेच. मऊ.

“मऊ काय?”

“मित्राकडं लग्न होतं, सिस्टर. नान-खलिया.”

माझ्या डोळ्यांपुढं ती खलियाची लाल तर्री उभी राहिली. मटण, मिरची, वर तरंगणारं तेल.

“साहेब, ते मऊ आहे का?”

“नान भिजवून घेतलं ना! अर्धा तास ठेवलं होतं. चावलंसुद्धा नाही, नुसतं गिळलं.” आणि वर मलाच म्हणाले, “तुम्ही तिखट नको असं कुठं लिहून दिलंय, दाखवा.”

तेव्हापासून आमच्या कागदावर ‘तिखट नको’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली ‘नान-खलिया नको’ असंही लिहिलेलं आहे. तरी लोक विचारतात, की मग नुसता खलिया चालेल का?

*

आता माझ्या मायचं. हा किस्सा मी कुणाला सांगत नसते.

माय जन्मापासून पिशोरला. पहाटे उठली की पहिली मिश्री. तव्यावर तंबाखू जाळायची, चुरायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं हिरड्यांवर घासत बसायची, चूल पेटेपर्यंत. दुपारी पुन्हा. रानातून आली की पुन्हा. ते बोट कायमचं काळं झालंय. साबणानं निघत नाही, लिंबानं निघत नाही.

मी क्लिनिकला लागले त्या वर्षीच मायला घेऊन आले. पुढचे दोन दात गेलेले, बाकीचे हलत होते. मॅडमनी अर्धा तास समजावलं. ही मिश्री सोडलीत तर मागचे दात वाचतील, म्हणाल्या. माय प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. “व्हय बाई. खरं हाय बाई. सोडली म्हणून समजा बाई.” मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, इतकं शहाणं माणूस!

मग माय म्हणाली, जरा मोरीत जाऊन येते. पाच मिनिटांनी आली. बोट ओलं आणि काळंकुट्ट.

“माय! मिश्री लावलीस?”

“नाय ग. आता सोडायचीच हाय, तर पुडीत उरली तेवढी संपवली. टाकून द्यायची का?”

मॅडम हसल्या. मी नाही हसले. मी इतकी बोलले मायला, सगळ्या पेशंटसमोर, की आज आठवलं तरी लाज वाटते. ती पदर तोंडाला लावून बसली. नंतर एक एक करून तिचे सगळे दात गेले. त्या दिवशी जिना उतरताना एवढंच म्हणाली, “माझं गेलं ते गेलं निर्मले. तू तेवढं सांभाळ.”

*

सतरा वर्षांत सगळे नियम पाळणारी एकच पेशंट भेटली. सायली. नुकतीच शाळेवर लागलेली, बावीस-तेवीस वर्षांची. मी सांगत होते ते ती वहीत उतरवून घेत होती, नंबर घालून! मी म्हटलं, मॅडम, ही पोरगी आपल्याला जिंकवणार.

पाच दिवस तिचा रोज फोन. सिस्टर, बर्फ लावला. सिस्टर, पेज प्यायले. सिस्टर, मी आरशावर टॉवेल टाकलाय, चुकून नजर जायला नको. मैत्रिणींना दारातून परत पाठवलं. मला सांगताना आजही अंगावर काटा येतो.

सहाव्या दिवशी ती आईला घेऊन आली. आईच्या हातात कुंकवाची छोटी स्टीलची डबी, घासूनपुसून चकचकीत केलेली. सायली रडत होती.

झालं असं, की दुपारी जेवून सायली झोपली. झोपेत ओठ सुटला. आई शेजारी गवार निवडत बसली होती. तिला दिसलं, की दाताखाली काहीतरी पांढरं चिकटलंय. नवीन ठिगळ पहिले काही दिवस पांढरंच दिसतं. मी सायलीला ते सांगितलं होतं, वहीत सातव्या नंबरला होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

“दहीभात खाल्ला होता हो तिनं,” आई म्हणाली. “मला वाटलं, शीत राहिलं. चूळ भरायची नाही ना तिला. म्हटलं, लेकराला त्रास नको. पदरानं अलगद टिपून घेतलं.”

एखादा टाका आधीच सैल पडला असणार. कातडं पदरात आलं.

आईनं डबी उघडून मॅडमपुढं धरली. “परत लावता येईल का हो?”

मॅडमनी डबीत बघितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक्स-रेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी त्या दिवशी कुणाला ओरडले नाही. कुणावर ओरडणार? त्या आईवर? मी नुसती तिथं उभी राहिले आणि मला वाटलं, आपण हे काम सोडून द्यावं. खाली बांगड्या विकाव्यात. बांगडी फुटली तर दुसरी तरी असते.

*

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन मी माझ्या खुर्चीत आडवी झाले. नेहमी नळी धरून उभी असते तिथं त्या दिवशी दुसरीच बाई, उसनी आणलेली. मॅडमनी भूल दिली, टाळूतून कातडं काढलं, शिवलं. मग माझ्यासमोर बसून मलाच नियम सांगायला लागल्या. त्या एक विसरल्या तर मी बोटानं खूण करून आठवण दिली. दोघी हसलो. म्हणजे त्या हसल्या. मला ओठ हलवायचा नव्हता.

“निर्मला, तुझं तरी धरू दे,” मॅडम म्हणाल्या. “एक तरी धड होऊ दे माझ्या हातून.”

घरी आले, उस्मानपुऱ्यात. सून नाही, पोरगी नाही, आम्ही दोघंच. आमचे मिस्टर माणूस लई समजूतदार. दाखव म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. शेजारच्यांनी विचारलं, कसं वाटतं? तर म्हणाले, “लग्नाला बावीस वर्षं झाली. पहिल्यांदाच घरात टीव्हीचा आवाज ऐकू येतोय!” म्हटलं, टाके निघू द्या, मग बघते तुम्हाला.

तिसऱ्या दिवशी माय आली. पिशोरहून सकाळच्या एसटीनं, सत्तर वर्षांची बाई, एकटी. पिशवीत ज्वारीच्या कण्या आणि घरचं ताक. आल्या आल्या म्हणाली, “मला नको दावू. डाक्टरनं नाय म्हणलंय ना? नाय म्हंजी नाय.” मी बघतच राहिले.

माय म्हणजे माझा पहारा झाली! दारात पाट टाकून बसायची. गल्लीतली बायामाणसं यायची शहाळं घेऊन, जयभीम व्हायचा, आणि मग हळूच, “निर्मला, दाखव बरं!” की माय उठलीच. “तिला इचारू नका. मला इचारा. माझ्या तोंडात काय उरलंय ते मी दावते!” एकीला तर तिनं खरंच बोळकं उघडून दाखवलं. बाई शहाळं ठेवून निघून गेल्या. समोरची म्हणाली, निर्मलाला गर्व झालाय. होऊ दे म्हटलं. गर्वानं कातडं हलत नाही.

रोज कण्या शिजवून गार करून द्यायची. मिश्री लावायला मागं मोरीत जायची, माझ्यासमोर नाही. सहा दिवस गेले. सूज उतरली. जिभेला आत काहीतरी घट्ट, गुळगुळीत लागत होतं. मी मनातल्या मनात मॅडमचं ‘माशाल्ला’ ऐकत होते. मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दहाव्या दिवशी माझे टाके निघायचे होते. नवव्या दिवशी दुपारी मायनं पिशवी भरली. दोनची एसटी होती. मिस्टर रिक्षा बघायला गेले. माय चप्पल घालून दारात उभी राहिली आणि परत आत आली. माझ्यासमोर पलंगावर बसली.

“निर्मले, एक सांगू का? रागावू नको.”

मी मान हलवली.

“मला एकदा बघू दे. माझ्यावानी तर नाय ना झालं? तेवढं बघितलं की जाते. मंग माझं काय बी होऊ दे.”

सतरा वर्षांचे सगळे नियम माझ्या तोंडात तयार होते. हेडमास्तर, फुप्पू, ती कुंकवाची डबी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मायनं मला आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आणि मी तिला सगळ्या पेशंटसमोर किती बोलले होते.

मी दोन बोटांनी खालचा ओठ धरला आणि खाली ओढला.

माय वाकली. अगदी जवळ आली, तिच्या श्वासाला मिश्रीचा वास येत होता. डोळे बारीक केले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. उजेडाकडं माझी मान वळवली. मी ओठ धरून होते.

“दिसंना ग बाई,” माय म्हणाली. “चष्मा पिशोरलाच ऱ्हायला.”

मग तिनं उजव्या हाताचं ते बोट पदराला पुसलं, नीट, दोनदा.

“थांब. हातानं बघते.”

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत आडवी झाले. मॅडमनी दिवा जवळ घेतला, आरसा आत घातला. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. खालच्या दुकानातून बांगड्यांचा आवाज येत होता.

“निर्मला,” मॅडम म्हणाल्या, “कुणाला दाखवलं होतं?”

“नाही ओ मॅडम! कुणालाच नाही!”